फातोर्ड्याची शेवटची दहा मिनिटं

पणजीच्या कदंब स्टँडवरून मडगावची शटल सुटायच्या आतच वाद पेटला होता. मागच्या बाकावर कॉलेजातले दोघे, त्यातल्या एकाच्या अंगात एफसी गोवाची नारिंगी जर्सी. पुढच्या सीटवर ऑफिस सुटून घरी निघालेले एक गृहस्थ, मांडीवर जेवणाचा डबा. जर्सीवाल्याचं म्हणणं सरळ होतं. नोव्हेंबरात याच बंगळुरूला फातोर्ड्यात तीन गोल घातले, खाल्ला एकही नाही. मग रविवारी का जमू नये? गृहस्थ मागे वळले आणि म्हणाले, "घालतील रे, तीनसुद्धा घालतील. पण नव्वद मिनिटं झाल्यावर काय?"

त्या एका प्रश्नानं सगळी गाडी बोलती झाली. झुआरीवरचा नवा पूल आला, नदी मागे पडली, वेर्ण्याचं पठार आलं, तरी कुणी खिडकीबाहेर पाहत नव्हतं.

एप्रिल २०२५ चा पहिला आठवडा. बुधवारी, २ तारखेला, इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर झाला आणि एफसी गोवा ०-२ असा हरला. पहिला गोल गोव्याच्याच संदेश झिंगनकडून स्वतःच्या जाळ्यात गेला, मध्यंतरानंतर लगेच दुसरा एदगार मेंदेझनं केला. दुसरा सामना रविवारी, ६ तारखेला, फातोर्ड्यात. नियम असा की दोन्ही सामन्यांचे गोल एकत्र मोजायचे. परक्या मैदानावरच्या गोलाला जादा वजन नाही. म्हणजे गोव्यानं दोन गोलांच्या फरकानं जिंकलं तर जादा वेळ, तीनच्या फरकानं जिंकलं तर थेट अंतिम फेरी. हिशेब शाळकरी पोराला कळेल इतका सोपा. तरी मडगावात चार दिवस त्यावर जी चर्चा झाली, ती ऐकायला मी कोल्हापूरहून आजरा-आंबोलीचा रस्ता धरून गेलो होतो आणि ते सार्थकी लागलं.

कोल्हापूरच्या माणसाला हा फुटबॉलचा आजार समजावून सांगावा लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की पेठांचं वातावरण आठवडाभर आधीच तापतं. पण कोल्हापुरात वाद पेठेचा पेठेशी असतो. तालीम बदलली की निष्ठा बदलते. गोव्यात त्या आठवड्यात वाद होता तो एकाच संघाच्या माणसांत. सगळे नारिंगी, सगळ्यांना गोवा जिंकायला हवा, आणि तरीही एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं.

पूर्वी इथंही पेठाच होत्या म्हणायच्या. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग क्लुब द गोवा. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात मोसम भारताचं लीग विजेतेपद गोव्याबाहेर गेलं नाही: चार वेळा धेंपो, दोनदा चर्चिल, एकदा साळगावकर. सातही वर्षं कोलकात्याचे मोठे क्लब नुसते बघत राहिले. तेवढ्याशा राज्यानं हे केलं, याचं देशाला पुरेसं कौतुक झालं नाही, असं मला अजून वाटतं. मग २०१४ मध्ये सुपर लीग आली, तिच्याबरोबर एफसी गोवा आला, आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघांनीही आय-लीग या जुन्या लीगमधून अंग काढून घेतलं. जुन्या क्लबांचे भक्त काही काळ रुसून बसले. हळूहळू तेही फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर आले. ज्या पिढीनं प्रशिक्षक अर्मांडो कुलासोंच्या धेंपोला डोक्यावर घेतलं, तिची नातवंडं आज गव्याचं चिन्ह छातीवर लावून फिरतात.

मडगावला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. फातोर्ड्याचं पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८९ मधलं, सुमारे एकोणीस हजार प्रेक्षकांचं. मैदानात काही नसतं तेव्हाही त्याच्या आसपास माणसं रेंगाळत असतात. तिथून जवळच एका गाड्यावर गर्दी दिसली, तिथं थांबलो. गाडेवाला एका हातानं अंडी फोडत होता, दुसऱ्या हातानं तवा फिरवत होता. ऑम्लेट ताटलीत पडलं की त्यावर शागुतीचा दाट रस, वर बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड, बाजूला दोन पाव. रोस ऑम्लेट ते हेच. गिऱ्हाइकं उभ्यानं खात होती आणि तोंडात घास असतानाच भांडत होती.

त्या घोळक्यात एक अंकल होते. सत्तरीच्या पुढचे, तरुणपणी भातकापणी झालेल्या शेतातल्या गावोगावच्या स्पर्धांत बॅक म्हणून खेळलेले. सगळे त्यांना नुसतं अंकल म्हणत होते, मीही तेच म्हणू लागलो. दुसरा एक पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्यानं माणसं सोडणारा. त्याचं पिवळ्या मडगार्डचं वाहन शेजारीच उभं होतं. तिसऱ्या कुडतरीच्या एक शिक्षिका, त्यांच्याबरोबर नववीतला मुलगा.

अंकलनी तीन रिकाम्या ताटल्या फळीवर ओळीनं मांडल्या. "हे आपले बॅक. आता गोल झाला. पोरं उड्या मारतात, प्रेक्षक ओरडतात, आणि हे तिघे..." त्यांनी ताटल्या दोन बोटं पुढे सरकवल्या. "हे पुढे येतात. यांच्या पाठीमागे केवढी जागा राहिली बघ. आपण हरतो ते इथं. दोन गोल होणार याबद्दल माझी शंका नाही. गोल झाल्यानंतरची पाच मिनिटं कोण सांभाळणार, ते मला सांगा."

यावर कुणी हसलं नाही. कारण प्रत्येकाच्या डोक्यात एक यादी होती आणि ती सगळ्यांची सारखीच होती.

२० डिसेंबर २०१५, याच मैदानावरचा अंतिम सामना, समोर चेन्नईयिन. ८७व्या मिनिटाला जोफ्रेनं गोल करून गोव्याला २-१ पुढे नेलं. फातोर्ड्यात लोक एकमेकांना मिठ्या मारत असतानाच ९०व्या मिनिटाला चेंडू गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीला लागून आपल्याच जाळ्यात गेला, आणि भरपाईच्या वेळेत स्टिव्हन मेंडोझानं तिसरा घातला. २-३. शिक्षिकाबाई तेव्हा पूर्वेकडच्या स्टँडमध्ये होत्या. पुढचा अर्धा तास कुणी उठलंच नाही, असं त्या म्हणाल्या.

१७ मार्च २०१९, मुंबईत अंधेरीचं मैदान, पुन्हा अंतिम सामना, समोर बंगळुरू. ०-० वर जादा वेळ सुरू झाला, गोव्याचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, आणि ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेनं डोक्यानं गोल केला. भेके मुंबईचा. त्याचं नाव मडगावात अजून दात आवळून घेतलं जातं, आणि २०२५ च्या मोसमात तो पुन्हा बंगळुरूकडेच होता.

२४ एप्रिल २०२४, फातोर्डा, उपांत्य फेरीचा पहिला सामना, समोर मुंबई सिटी. ९० मिनिटं होईपर्यंत गोवा २-० पुढे. मग छांगटे, लगेच विक्रम प्रताप सिंग, आणि ९६व्या मिनिटाला पुन्हा छांगटे. साडेसहा मिनिटंही लागली नाहीत, तीन गोल. २-३. पाच दिवसांनी मुंबईत उरलंसुरलं संपलं.

"सगळं शेवटच्या दहा मिनिटांत," पायलट म्हणाला. "माझं भाडं असतं तर मी ऐंशी मिनिटांनंतर गाडी स्टँडवर लावून टाकली असती."

याला कुणी नशीब म्हणतं, कुणी दृष्ट. मला अंकलच्या ताटल्यांत जास्त तथ्य वाटलं. मागे पडलेला संघ शेवटी सगळी माणसं पुढे लोटतो, ताजे बदली खेळाडू आणतो. पुढे असलेला संघ हातपाय गाळून आपल्या पेनल्टी बॉक्सपाशी येऊन उभा राहतो आणि चेंडू मिळाला तरी तो नुसता लांब मारतो, म्हणजे पुन्हा समोरच्याच्याच पायात देतो. जो संघ वर्षभर चेंडू पायात ठेवून, आखूड पास देत खेळतो, त्याला तर हे अधिकच जाचतं. त्याला चेंडूविना राहण्याची सवयच नसते. प्रशिक्षक सेर्जिओ लोबेराच्या काळापासून एफसी गोवाची ओळख तीच आहे. कोरोमिनास, म्हणजे सगळ्यांचा कोरो, सलग दोन मोसम सर्वाधिक गोल करत होता तो अशाच खेळावर. गोव्याच्या माणसाला सुंदर खेळ हवा असतो आणि त्याची किंमतही त्यालाच मोजावी लागते.

पण गाड्यावर आशेची बाजूही तितकीच भक्कम होती, आणि ती नववीतल्या मुलानं मांडली. त्याला सगळी आकडेवारी तोंडपाठ. २४ लीग सामन्यांत गोव्याचे ४८ गुण, बंगळुरूचे ३८. गोवा दुसरा, म्हणून थेट उपांत्य फेरीत. बंगळुरू तिसरा, म्हणून त्याला आधी २९ मार्चला मुंबईशी एक सामना खेळावा लागला. तो त्यांनी ५-० जिंकला हे खरं, पण म्हणजे नऊ दिवसांत त्यांचा तिसरा सामना फातोर्ड्यात. पाय जड होणार.

"आणि आपले?" पायलटनं विचारलं. "८ मार्चनंतर आपण थेट २ एप्रिलला खेळलो. पाय गंजले आमचे."

हा मुद्दा मला त्या सगळ्या वादातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. त्या पद्धतीत वरच्या दोन संघांना विश्रांतीचं बक्षीस मिळायचं, पण विश्रांती इतकी लांबायची की सराव तुटायचा, आणि खालून लढत आलेला संघ तापलेला असायचा. त्या वर्षी मध्ये राष्ट्रीय संघाचे सामनेही होते. आणि तिथंच या गोष्टीला आणखी एक पीळ होता.

एफसी गोवाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ त्याच वेळी भारताचेही प्रशिक्षक होते. दोन्ही जबाबदाऱ्या त्यांनी एकाच वेळी घेतल्या होत्या. २०२४ च्या जूनमध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मानोलोंनीच मार्च २०२५ मध्ये भारताच्या संघात परत बोलावलं. शिलाँगला १९ मार्चला मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. सहा दिवसांनी बांगलादेशशी ०-० बरोबरी झाली आणि मानोलो खिन्न होऊन गोव्याला परतले. आता तोच छेत्री, वयाची चाळिशी गाठलेला, बंगळुरूच्या निळ्या जर्सीत मानोलोंच्याच संघासमोर उभा राहणार होता.

"आपल्याच माणसानं परत आणला," अंकल म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. छेत्रीबद्दल इथं आदरच आहे. पण काळजी होती.

शिक्षिकाबाईंनी मग वेगळंच उदाहरण काढलं. २० मार्च २०२२, सुपर लीगचा अंतिम सामना, हेच फातोर्डा. कोविडच्या दोन मोसमांनंतर प्रेक्षक पहिल्यांदाच आत आले होते. हैदराबाद आणि केरळ. हैदराबाद ०-१ मागे, आणि ८८व्या मिनिटाला गोव्याच्याच साहिल ताव्होरानं लांबून असा काही फटका मारला की सामना बरोबरीत आला आणि पुढे पेनल्टींवर हैदराबादनं करंडक नेला. त्या हैदराबादचे प्रशिक्षक होते मानोलो. आणि २०२५ मध्ये ताव्होरा एफसी गोवात होता. "शेवटची दहा मिनिटं आपल्याला मारतात म्हणता ना? मग या मैदानावर, या कोचला, या पोरानं त्याच दहा मिनिटांत वाचवलंय." मी त्यात भर घातली की त्या विजेत्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. अंकलनी माझ्या ताटलीत आणखी एक पाव ठेवायला सांगितला.

२०२० ची उपांत्य फेरीही निघाली. चेन्नईत १-४ हरून आलेल्या गोव्यानं इथं २१ मिनिटांत दोन गोल घातले होते आणि सामना ४-२ जिंकला होता. एकूण ५-६. एकाच गोलानं गेलं. मुलासाठी तो आशेचा दाखला: चार गोल होऊ शकतात. पायलटसाठी तोच सामना भीतीचा: चार घालूनही आपण बाहेर. त्या वर्षी गोवा लीगमध्ये पहिला आला होता, लीग शील्ड जिंकणारा पहिला संघ ठरला होता, आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब होणार होता. आणि तरी उपांत्य फेरीतच घरी. सगळ्या मोसमाची मेहनत दोन रात्रींच्या हवाली करणारी ही पद्धत मला न्याय्य वाटत नाही, हे मी तिथंही म्हणालो. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "न्याय्य नाहीच. पण लीगच्या सोळाव्या सामन्याआधी इथं एवढी माणसं उभी राहून बोलली असती का?" त्यांचंही खोटं नव्हतं.

रविवार उजाडला तो रामनवमीचा. देवळांत दुपारी जन्माचा पाळणा, चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळातली मिस्सा, आणि संध्याकाळी साडेसातला सामना. चार वाजल्यापासूनच फातोर्ड्याकडे येणारे रस्ते नारिंगी होऊ लागले. बाणावलीहून, कोलव्याहून, फोंड्याहून, पेडण्याहून माणसं येत होती. बांद्या-सावंतवाडीच्या नंबरप्लेटच्या गाड्याही दिसल्या. ढोल, ताशे, ब्रासबँडची एक तुतारी, आणि मधूनच उठणारी 'फोर्सा गोवा'ची आरोळी. गाड्यावरची सगळी मंडळी एकाच रांगेत भेटली. अंकल सुनेच्या हाताला धरून पायऱ्या चढले.

पहिल्या अर्ध्यात गोल झाला नाही. मध्यंतरात कुणी फारसं बोलत नव्हतं. खेळ सुरू झाला आणि ४९व्या मिनिटाला बोर्हा हेरेरानं चेंडू जाळ्यात मारला. एकूण १-२. त्यानंतरची चाळीस मिनिटं मी आजवर पाहिलेल्या फुटबॉलमधली सगळ्यात घट्ट चाळीस मिनिटं होती. गोव्याचा एकेक हल्ला बंगळुरूच्या भिंतीवर आपटत होता, प्रेक्षक उभेच होते, माझ्या शेजारचा माणूस दर थ्रो-इनला घड्याळ बघत होता. ८८व्या मिनिटाला अर्मांडो सादिकू. २-० आणि एकूण २-२. फातोर्ड्यात काय आवाज झाला तो मला लिहिता येणार नाही. अनोळखी माणसांनी मला उचललं.

अंकल मात्र दोन्ही हात वर करून मैदानाकडे ओरडत होते, "मागे! मागे राहा रे!"

९२व्या मिनिटाला बंगळुरूनं क्रॉस टाकला आणि छेत्रीनं झेपावून डोक्यानं चेंडू आत घातला. सामना गोव्यानं २-१ जिंकला, उपांत्य फेरी बंगळुरूनं ३-२ जिंकली. छेत्रीचा तो त्या मोसमातला चौदावा गोल. दुसऱ्या एकाही भारतीय खेळाडूनं त्या वर्षी लीगमध्ये त्याच्याइतके केले नाहीत.

लोक लगेच गेले नाहीत. संघ मैदानाला फेरी मारायला आला तेव्हा टाळ्या पडल्या, मनापासून पडल्या. बाहेर आल्यावर मात्र पुन्हा तेच: ८८व्या मिनिटानंतर एक बदली खेळाडू आणून वेळ काढायला हवा होता की नाही, जादा वेळेपर्यंत नेलं असतं तर दमलेलं बंगळुरू टिकलं असतं का, मानोलोंना दोन संघ सांभाळायला द्यायलाच नको होतं का. पायलट म्हणाला, त्यानं ऐंशीव्या मिनिटाला गाडी स्टँडवर लावायला हवी होती. आणि मग म्हणाला, लावली असती तर सादिकूचा गोल हुकला असता. कुडतरीचा मुलगा रडत नव्हता. तो सुपर कपचं वेळापत्रक सांगत होता.

तो सुपर कप गोव्यानं जिंकला. ३ मे २०२५ ला भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर जमशेदपूरला ३-० हरवलं, हेरेराचे दोन, देजान द्राझिचचा एक. २०१९ नंतर दुसऱ्यांदा. हा करंडक दोनदा जिंकणारा गोवा पहिलाच संघ. त्यातून आशियाच्या चॅम्पियन्स लीग टूचा प्ले-ऑफ मिळाला, १३ ऑगस्टला, फातोर्ड्यातच, ओमानच्या अल सीबशी. एकच सामना, जिंकलं तर गटात. मडगावात पुन्हा ताटल्या मांडल्या गेल्या असणार. द्राझिचनं आणि सिव्हेरिओनं गोल केले, ६०व्या मिनिटाला अल सीबनं एक फेडला, आणि उरलेला अर्धा तास, शेवटच्या दहा मिनिटांसकट, गोव्याच्या बॅकनी तो २-१ धरून ठेवला.

दोन दिवसांनी गट जाहीर झाले. गोव्याच्या गटात सौदीचा अल नस्र, म्हणजे रोनाल्डोचा संघ. तो फातोर्ड्यात येणार की नाही, या एकाच प्रश्नानं गोवा भरून गेला. मी अंकलना फोन केला. रोनाल्डोचं नाव त्यांनी एकदाच घेतलं, तेही मी काढलं म्हणून. ब्रायसन फर्नांडिसला कडेला ठेवावं की मधे आणावं, आणि मधे आणला तर त्याच्या मागची जागा कुणी झाकायची, यावर ते सुनेनं जेवायला हाक मारीपर्यंत बोलत राहिले.